कर्मचारी स्वयंसेवा, सामाजिक दायित्व आणि शाश्वतता: मुंबईतील कार्यालये व महाविद्यालये यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नरिमन पॉइंट, लोअर परळ, वांद्रे-कुर्ला संकुल आणि पवई येथील कार्यालयांमधून स्वयंसेवक यायला तयार असतात आणि गोवंडी, मानखुर्द, मालवणी येथील शाळांना व वस्त्यांना माणसांची गरज असते. या दोघांची गाठ घालून देण्याचे काम आमचा छोटा गट काही वर्षांपासून करत आहे. या काळात कंपन्यांचे अधिकारी, प्राध्यापक, विद्यार्थी आणि मुख्याध्यापक यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न व आमची उत्तरे येथे दिली आहेत. कायद्याविषयीची उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. आपल्या कंपनीपुरता निर्णय कंपनी सचिव किंवा सनदी लेखापाल यांच्याशी बोलूनच घ्यावा.

सीएसआर, कर्मचारी स्वयंसेवा आणि शाश्वतता हे एकाच गोष्टीचे तीन शब्द आहेत का?

नाहीत, आणि हा गोंधळ आधी दूर केला तर पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात. सीएसआर म्हणजे कंपनीने नफ्यातील ठरावीक भाग समाजोपयोगी कामावर खर्च करणे. भारतात काही कंपन्यांवर तसे कायदेशीर बंधन आहे. स्वयंसेवा म्हणजे कर्मचाऱ्याने आपला वेळ, श्रम किंवा कौशल्य स्वखुशीने देणे, आणि त्यावर कायद्याचे कोणतेही बंधन नाही. शाश्वतता हा कंपनीच्या रोजच्या कारभाराचा विषय आहे. वीज किती लागते, पाणी कोठून येते, कचरा कोठे जातो, कंत्राटी सफाई कामगाराला वेतन वेळेवर मिळते की नाही, हे सारे त्यात येते.

पाण्याचेच उदाहरण घेऊ. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. उरलेले पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत आहेत. त्यांपैकी भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. एखाद्या कंपनीने त्या पाड्यात विहीर बांधून दिली तर तो सीएसआर झाला. तिचे कर्मचारी तेथे जाऊन बंधाऱ्यासाठी दगड वाहू लागले तर ती स्वयंसेवा झाली. मात्र त्याच कंपनीच्या इमारतीतील गळके नळ आणि बागेवर ओतले जाणारे पिण्याचे पाणी हा शाश्वततेचा प्रश्न असून तो पहिल्या दोन्ही कामांनी सुटत नाही.

सीएसआरचा कायदा नेमक्या कोणत्या कंपन्यांना लागू होतो?

कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. लगतच्या मागील आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा केल्यावर उरणारी रक्कम) ५०० कोटी रुपये किंवा अधिक, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक असेल, तिला हे कलम लागू होते. तिन्हींपैकी एक अट पूर्ण झाली तरी पुरे. अशा कंपनीने मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीतील विषयांवर खर्च करायची असते. शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, स्त्री-पुरुष समानता, वारसा जतन, वस्ती सुधारणा असे विषय त्या अनुसूचीत आहेत.

आमच्या कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तासांचे मोल काढून ते २ टक्क्यांत दाखवता येते का?

येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने आपल्या स्पष्टीकरणांत सांगितले आहे की कर्मचाऱ्यांचा सहभाग चांगलाच आहे, परंतु त्या सहभागाचे पैशात रूपांतर करून तो सीएसआर खर्च म्हणून दाखवता येणार नाही. याच ओघात आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण दर जानेवारीत मॅरेथॉनच्या आधी हा प्रश्न येतोच. मॅरेथॉन, पुरस्कार समारंभ, जाहिरात किंवा दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे प्रायोजकत्व असे एकदाच होणारे उपक्रम सीएसआर खर्चात धरले जाणार नाहीत, असे मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकात म्हटले आहे. केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांनाच ज्याचा लाभ होतो, असे कामही सीएसआर ठरत नाही.

आम्हाला हा नियम हिताचा वाटतो. स्वयंसेवेच्या तासांना रुपयांचा भाव लागला असता, तर तास वाढवून दाखवण्याची स्पर्धा सुरू झाली असती आणि शाळेच्या दारात माणसांची गर्दी वाढली असती.

मार्च संपत आला आहे आणि निधी शिल्लक आहे. एखादी शाळा लगेच सुचवाल का?

फेब्रुवारीच्या मध्यापासून असे दूरध्वनी सुरू होतात, आणि नेमका तोच काळ शाळांना सर्वांत अवघड असतो. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, दहावीच्या वर्गांची पळापळ चालू असते, शिक्षकांना मान वर करायला वेळ नसतो. अशा वेळी चाळीस पाहुणे, बॅनर आणि छायाचित्रकार शाळेत आले की दोन दिवसांचा अभ्यास बुडतो. मुख्याध्यापिका नाही म्हणू शकत नाहीत, कारण पुढच्या वर्षी हीच कंपनी संगणक देईल अशी आशा त्यांना असते.

खरे तर कायद्याने ही घाई लादलेली नाही. संचालक मंडळाने एखादा प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर केला असेल, तर त्याची न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. असा प्रकल्प नसेल तर उरलेली रक्कम सहा महिन्यांच्या आत सातव्या अनुसूचीत नमूद केलेल्या निधीत, उदाहरणार्थ पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत, जमा करायची असते. म्हणून आमची विनंती अशी आहे की शाळेशी बोलणी जून-जुलैमध्ये, शाळा सुरू झाल्यावर करावीत, तीन वर्षांचे काम ठरवावे आणि संचालक मंडळाकडून ते बहुवर्षीय प्रकल्प म्हणूनच मंजूर करून घ्यावे. मार्चमध्ये आलेल्या कंपनीला आम्ही शाळा सुचवत नाही.

आम्हाला शाळेच्या भिंती रंगवायच्या आहेत. त्यात काय गैर आहे?

रंगवण्यात गैर काहीच नाही, पण भिंत रंगवण्याआधी तिच्यावर काय आहे ते पाहावे. पूर्व उपनगरातील एका शाळेत एकाच शैक्षणिक वर्षात तीन कंपन्यांनी एकच भिंत रंगवली. पहिल्या गटाने जिन्याजवळ बारा ते वीसपर्यंतचे पाढे लिहिले होते आणि मुले मधल्या सुट्टीत तेथे उभी राहून ते म्हणत असत. दुसऱ्या गटाने त्यावर डोंगर आणि सूर्य काढला. तिसऱ्या गटाने डोंगर पुसून कंपनीच्या बोधचिन्हाच्या रंगातले एक मोठे झाड काढले. रंगाच्या उग्र वासामुळे दोन वर्ग दिवसभर व्हरांड्यात बसले. चौथीतला एक मुलगा दुसऱ्या दिवशी त्या झाडासमोर उभा राहून तेराचा पाढा म्हणत होता. एक्क्याण्णवपर्यंत आला आणि अडला, कारण पुढचे आकडे भिंतीवर नव्हते.

त्याच शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला कडी नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेरून दार धरून उभी राहत असे. आम्ही तीन वेळा त्या इमारतीत गेलो होतो आणि एकदाही ते दार उघडून पाहिले नव्हते. मुख्याध्यापिकांना काय हवे ते विचारले, तेव्हा त्यांनी आधी सांगायचे टाळले आणि मग तीन गोष्टी सांगितल्या: गच्चीवरची पाण्याची टाकी धुवून हवी, दाराला कडी हवी आणि पाढे परत हवेत. तिन्ही कामे एका शनिवारी झाली. तेव्हापासून आमचा नियम आहे की स्वयंसेवेचा दिवस ठरण्याआधी कंपनीच्या दोन माणसांनी शाळेत कोणताही फलक न घेता जायचे, संपूर्ण इमारत पाहायची, शिपाईमामांशी बोलायचे आणि परत येऊन यादी करायची.

शाळेला काय हवे, हे नक्की कोणाला विचारावे?

मुख्याध्यापकांना तर विचारावेच, पण तेवढ्यावर थांबू नये. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यातील किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. या बायकांना शाळेची खरी अडचण माहीत असते. समितीची बैठक कधी आहे ते विचारून तेथे अर्धा तास बसण्याची परवानगी मागावी, आणि त्या अर्ध्या तासात आपण बोलण्यापेक्षा ऐकावे.

मुलांना शिकवायचे असेल तर किती दिवस यावे लागेल?

किमान एक सत्र, म्हणजे साधारणपणे चार-पाच महिने, आणि दर आठवड्याला एक तास. याहून कमी वेळ असेल तर शिकवण्याचे काम घेऊ नये, दुसरी उपयुक्त कामे पुष्कळ आहेत.

मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात, त्यामुळे आपल्याला कोणती भाषा सहज बोलता आणि वाचता येते ते आधी सांगावे. कंपन्यांचा कल इंग्रजी संभाषण शिकवण्याकडे असतो. आमचा अनुभव असा आहे की पाचवीतल्या ज्या मुलाला मातृभाषेतील जोडाक्षरे वाचता येत नाहीत, त्याला आधी त्या अक्षरांशी मैत्री करून देणारे माणूस हवे असते. विक्रोळीच्या एका कार्यालयात सॉफ्टवेअर तपासणीचे काम करणारे एक गृहस्थ अशाच एका मुलाबरोबर दर शनिवारी बसत. पहिले चार शनिवार मुलगा गप्प होता. पाचव्या शनिवारी त्याने त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचा पत्ता वाचायला घेतला आणि ‘विकरोळी’ असे म्हणून स्वतःच थांबला, क खालची तिरकी रेघ बोटाने दाबून पाहिली आणि मग ‘विक्रोळी’ असे म्हणाला. पुढचे तीन आठवडे त्याने क्र, ग्र, प्र असलेले जे दिसेल ते वाचले. पाचव्या शनिवारी दुसरा स्वयंसेवक आला असता, तर मुलगा पुन्हा पहिल्या शनिवारइतकाच गप्प बसला असता.

रविवारी यायचे आहे. चालेल का?

शाळा बंद असतात आणि मध्य व हार्बर मार्गावर बहुतेक रविवारी मेगाब्लॉक असतो. गोवंडी-मानखुर्दला पोहोचायचे तर हार्बरवरच अवलंबून राहावे लागते. शनिवार सकाळ सर्वांत सोयीची.

आमच्याकडे पन्नास माणसे आणि एकच दिवस आहे. काहीच करता येणार नाही का?

करता येते, आणि अशा मोठ्या गटासाठी समुद्रकिनारा किंवा कांदळवनाची स्वच्छता हे काम योग्य आहे. ऑक्टोबर २०१५ पासून वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांच्या पुढाकाराने सुरू झालेली मोहीम जगभर पोहोचली आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा सन्मान केला. ती मोहीम नजरेत भरली याचे कारण तेथील माणसे आठवड्यामागून आठवडे परत येत राहिली, हे एक दिवस येणाऱ्या गटानेही ध्यानात ठेवावे.

कांदळवनात जायचे असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी आधी घ्यावी. हा कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला. २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे कांदळवनांना संरक्षण मिळाले आहे. वेळ ठरवताना भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे आणि ओहोटी सुरू झाल्यावर कामाला लागून भरतीच्या पुरेसे आधी बाहेर यावे. चिखल पोटरीपर्यंत असतो, म्हणून गमबूट आणि जाड हातमोजे अत्यावश्यक आहेत. तिवरांची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. झाड त्यांतून हवा घेते, आणि प्लास्टिकच्या पिशव्या नेमक्या त्यांनाच गुंडाळल्या जातात. त्यामुळे पिशवी ओढून काढायची नसते, एका हाताने मूळ धरून दुसऱ्या हाताने ती सोडवायची असते. दुधाच्या पिशव्या, थर्माकोलचे दाणे, गुटख्याच्या पुड्या, चपला आणि प्लास्टिकमध्ये बांधलेले निर्माल्य हाती लागते.

एका वर्षी आम्ही ठाणे खाडीलगत दिवसभर काम करून साठेक गोणी भरल्या आणि बांधून काठावर रचून ठेवल्या. महापालिकेच्या विभाग कार्यालयाला गाडीसाठी आधी पत्र द्यायला हवे होते, ते आम्ही दिले नव्हते. गाडी दुसऱ्या दिवशी येईल असे ठरले आणि रात्रीच्या मोठ्या भरतीने अर्ध्याहून अधिक गोणी परत खाडीत नेल्या. पन्नास माणसांची मेहनत आमच्या निष्काळजीपणामुळे वाया गेली. आता गाडीचा क्रमांक आणि चालकाशी बोलणे झाल्याशिवाय आम्ही तारीखच जाहीर करत नाही.

कांदळवनात रोपे लावण्याचा कार्यक्रम घेता येईल का?

वनविभागाने जागा दाखवली आणि रोपे त्यांनीच निवडली तर घ्यावा, अन्यथा नाही. खाडीतली उघडी दलदल रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते. रोहित पक्षी तेथेच चरतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये या पाणथळीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, हा दर्जा मिळाला. तेथे हौसेने रोपे खोचणे म्हणजे पक्ष्यांचे ताट उचलून नेणे होय. शहरात झाडे लावायची असतील तर पुढील दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचे नाव आधी लिहून द्यावे.

ही सारी कल्पना आपल्याकडे बाहेरून आली का?

कायद्याची परिभाषा नवी आहे, काम जुने आहे. नाना शंकरशेट यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात या शहरातील शिक्षणसंस्थांना हात दिला. जमशेटजी टाटा यांनी उच्च शिक्षणासाठी १८९२ मध्ये निधी उभारला. देशातील पहिली समाजकार्याची पदव्युत्तर शिक्षणसंस्था १९३६ मध्ये मुंबईतच सुरू झाली आणि तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पैशाइतकीच श्रमाची परंपराही आपल्याकडे आहे. गाडगे महाराज गावात शिरताना आधी झाडू हाती घेत. दादर येथील त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कर्करुग्णांची व नातेवाइकांची राहण्याची सोय होते. १ मे २०१८ रोजी पाणी फाउंडेशनच्या महाश्रमदानासाठी मुंबई-पुण्याहून हजारो माणसे दुष्काळी गावांत कुदळ-फावडे घेऊन गेली, ते अनेकांना आठवत असेल. आपल्या कर्मचाऱ्यांना ‘व्हॉलंटिअरिंग’ हा शब्द परका वाटत असेल तर सूचनाफलकावर ‘श्रमदान’ असे लिहून पाहावे.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी यात कसे यावे? श्रेयांक मिळतात का?

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आज बहुतेक महाविद्यालयांत तिचा विभाग आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यायचा असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांसाठी श्रेयांकही आले आहेत. नेमकी रचना आपल्या विभागप्रमुखांकडून समजून घ्यावी.

श्रेयांक आल्यामुळे काम गंभीरपणे होऊ लागले हे खरे आहे. त्याचबरोबर सत्र संपण्याच्या आठवड्यात प्रमाणपत्रासाठी धावत येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्याही वाढली आहे. न केलेल्या तासांचे प्रमाणपत्र आम्ही देत नाही, आणि प्राध्यापकांनीही तसा आग्रह धरू नये, कारण मुलगा नोकरीत शिरण्याआधीच खोटा अहवाल लिहायला शिकतो. विद्यार्थ्याने वस्तीत सर्वेक्षण केले असेल तर त्याचे निष्कर्ष त्याच वस्तीत, तेथील भाषेत जाऊन सांगणे हा प्रकल्पाचा भाग असावा. माहिती घेऊन गेलेली मुले परत येत नाहीत, ही तक्रार आम्ही गोवंडीत इतक्या वेळा ऐकली आहे की आता नव्या सर्वेक्षणाला आम्ही ही अट घालतोच.

सहभाग सक्तीचा करावा का? वार्षिक मूल्यमापनात त्याचे गुण द्यावेत का?

दोन्ही करू नये. व्यवस्थापकांनी सर्वांसमोर ‘आपल्या विभागातून कोण येणार नाही?’ असे विचारणे हीही सक्तीच असते. ज्या कर्मचाऱ्याच्या घरी आजारी आई आहे किंवा जो रोज बदलापूरहून दोन तासांचा प्रवास करून येतो, त्याला शनिवार मागू नये. खरोखर मदत करायची असेल तर कामाच्या दिवसांतील काही तास भरपगारी स्वयंसेवेसाठी द्यावेत. हाच नियम कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू करावा.

श्रमापेक्षा आमच्या व्यावसायिक कौशल्याचा उपयोग होईल का?

पुष्कळ होईल, आणि आमच्या मते शहरातील कार्यालयांचे हेच सर्वांत मोठे बळ आहे. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर निधीतून काम करणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते. त्यासाठी आयकर खात्याकडील नोंदण्या हव्या असतात आणि स्वतंत्र संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा पूर्वानुभव दाखवावा लागतो. वस्तीत वीस वर्षे बालवाडी चालवणाऱ्या ताईंना हे कागद जमवणे फार कठीण जाते. पावत्या बिस्किटाच्या डब्यात असतात, ठराव वहीच्या मागच्या पानावर असतात. काम चांगले असूनही निधी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आणि छान सादरीकरण करणाऱ्या मोठ्या संस्थेकडे जातो. आपल्या लेखा विभागातील दोन माणसांनी तीन महिने, आठवड्यातून एक संध्याकाळ देऊन ते हिशेब मार्गी लावले, तर त्या ताईंना पुढील अनेक वर्षे स्वतःच्या नावाने निधी मागता येईल. वकिलांनी भाडेकराराचे आणि आयटीच्या माणसांनी संगणकांच्या देखभालीचे काम घ्यावे. संकेतस्थळ मात्र मागितल्याशिवाय बनवून देऊ नये, कारण ते अद्ययावत ठेवायला संस्थेत माणूस नसतो.

मुलांबरोबर काम करताना कोणती काळजी घ्यावी?

कोणत्याही स्वयंसेवकाने मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने बसू नये. शिक्षक किंवा दुसरा प्रौढ नजरेच्या टप्प्यात असावा. मुलांचे खासगी दूरध्वनी क्रमांक घेऊ नयेत, समाजमाध्यमांवर त्यांच्याशी संपर्क ठेवू नये, एकट्यादुकट्या मुलाला भेटवस्तू देऊ नये. नियमित येणाऱ्या स्वयंसेवकांची ओळखपत्रे शाळेकडे जमा असावीत आणि पोलीस पडताळणीची तयारी ठेवावी. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा अधिनियम, म्हणजे पोक्सो, २०१२ सालचा आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती ज्याला आहे, त्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. ‘मी बाहेरचा आहे, शाळा बघून घेईल’ असे म्हणता येत नाही. मदतीसाठी १०९८ ही बालसाहाय्य वाहिनी आहे, आणि हा क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी सांगितला पाहिजे.

छायाचित्रे काढता येतील का?

स्वयंसेवकांची आणि कामाची जरूर काढावीत. मुलांचे चेहरे ओळखू येतील अशी छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय काढू नयेत व प्रसिद्ध करू नयेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ हा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवतो. हात पुढे करून वही घेणाऱ्या मुलाचे छायाचित्र संमती असली तरी काढू नये, असे आमचे मत आहे. तो मुलगा उद्या पंचवीस वर्षांचा होईल आणि ते छायाचित्र तेव्हाही सापडेल.

आमचे कार्यालय शाश्वततेचा अहवाल देते. त्यात स्वयंसेवेचा उल्लेख पुरेसा आहे का?

नाही. सेबीने २०२१ मध्ये आणलेला व्यवसाय दायित्व व शाश्वतता अहवाल बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून सक्तीचा झाला. त्यात ऊर्जा, पाणी, उत्सर्जन, कचरा, कामगारांची सुरक्षा अशा बाबींची आकडेवारी द्यावी लागते. किनारा स्वच्छ केल्याचे वर्णन या आकड्यांची जागा घेऊ शकत नाही.

कचऱ्यापासून सुरुवात करावी. रोज १०० किलोपेक्षा अधिक कचरा निर्माण करणाऱ्या किंवा २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांनी ओल्या कचऱ्यावर आपल्याच आवारात प्रक्रिया करावी, असा आग्रह मुंबई महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून धरला आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे आणि तिच्या भोवती राहणाऱ्या मुलांनाच आपण शनिवारी शिकवायला येता. आपल्या उपाहारगृहातील उरलेले अन्न आणि कागदी कप कोठे जातात ते एकदा प्रत्यक्ष गाडीमागे जाऊन पाहावे. सुका कचरा कचरावेचक महिलांच्या गटाला द्यावा. मुंबईत १९७५ पासून कार्यरत असलेल्या स्त्री मुक्ती संघटनेने अशा महिलांना संघटित करण्याचे मोठे काम केले आहे.

कामाचा परिणाम कसा मोजावा?

ज्या कंपनीचे सीएसआर दायित्व मागील तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये किंवा अधिक असेल, तिला १ कोटी रुपये किंवा अधिक खर्चाच्या पूर्ण झालेल्या प्रकल्पांचे, वर्ष उलटल्यावर, स्वतंत्र संस्थेकडून परिणाम मूल्यमापन करून घ्यावे लागते. लहान कामांना एवढा खटाटोप नको. किती माणसे आली, किती तास झाले, हे आकडे ठेवावेत, पण त्यांना परिणाम म्हणू नये. जूनमध्ये किती मुले परिच्छेद वाचू शकत होती आणि मार्चमध्ये किती, एवढी नोंद शिक्षकांच्या मदतीने ठेवली तरी बरेच कळते. एक वर्षाने शाळेत जाऊन दिलेले जलशुद्धीकरण यंत्र चालू आहे का, त्याची गाळणी शेवटची कधी बदलली, तेही पाहावे.

आमचा व्यवसाय लहान आहे, कायदा लागू नाही. आम्ही काय करू शकतो?

दादरच्या एका दुकानदारांनी जवळच्या शाळेतील दोन मुलींना दर दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडे हिशेब आणि मालाची नोंद शिकवायला सुरुवात केली, त्यासाठी त्यांना कोणत्याही धोरणाची गरज पडली नाही. आपल्या गल्लीतील शाळा हे सर्वांत चांगले ठिकाण, कारण तेथे पुन्हा जाणे सोपे असते.

नोकरी बदलली किंवा शहर सोडावे लागले तर मुलांना काय सांगावे?

खरे सांगावे आणि किमान तीन आठवडे आधी सांगावे. न सांगता येणे थांबवले तर मुले पुढचे कित्येक शनिवार दाराकडे पाहत राहतात आणि नव्या स्वयंसेवकाशी बोलत नाहीत. आपल्या जागी येणाऱ्या व्यक्तीला शेवटचे दोन शनिवार बरोबर घेऊन यावे. तिला वही सोपवावी, आणि त्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे तो कोणत्या पानापर्यंत पोहोचला, कोणत्या अक्षरावर अडतो, फळा नीट दिसत नसल्यामुळे कोणाला पुढे बसवावे लागते, हे लिहिलेले असावे. जाताना ‘पुन्हा येईन’ असे म्हणू नये, जर तारीख ठरलेली नसेल.